गमछा गळ्यात घालण्याआधी



या सदरात आपण बहुतेक वेळा मुलांचा अभ्यास, परीक्षा, मोबाईल, मुलींचे पुढचे शिक्षण यांविषयी बोलतो. या महिन्याचा विषय वरवर पाहता राजकारणाचा आहे, पण तो घराघरांत शिरला आहे, म्हणून इथे घेते. हल्ली मुरुममध्ये आया मला थांबवून जो प्रश्न विचारतात तो गुणांचा नसतो. "टीचर, पोरगा पार्टीत जातो म्हणतोय. जाऊ द्यावं का?" असा तो प्रश्न असतो.

मुलगा अठरा ते बावीस वर्षांचा. कुणी आयटीआय करून घरी बसलेला, कुणी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, कुणी मोबाईलच्या दुकानात कामाला. पक्षाच्या युवक आघाडीतल्या कुणीतरी त्याला "तुला शहर उपाध्यक्ष करतो" असे म्हटलेले असते. अब्बा चिडलेले, अम्मी घाबरलेली आणि मुलगा दोन दिवस जेवत नाही, असा घरातला देखावा असतो.

पूर्वीही मुले पक्षात जात होती. पण तेव्हा बहुतेक घरांना उत्तर शोधावे लागत नव्हते. मुरुममध्ये काँग्रेस होती आणि काँग्रेस म्हणजे बसवराज पाटील साहेब, एवढे पुरेसे होते. माजी राज्यमंत्री, प्रदेश काँग्रेसचे कार्याध्यक्ष आणि गावातलेच माणूस. फेब्रुवारी २०२४ मध्ये साहेब भारतीय जनता पक्षात गेले. ज्या घरांनी वर्षानुवर्षे त्यांच्याकडे पाहून मत दिले, त्या घरांतल्या मुलांपुढे आता वेगळाच प्रश्न उभा राहिला. माणूस तोच, ओळख तीच, पण झेंडा दुसरा. आणि हा दुसरा झेंडा उजव्या, परंपरावादी विचारांचा, ज्याच्या व्यासपीठावरून आपल्याविषयी बोललेले बरेच काही आपण टीव्हीवर ऐकलेले आहे.

एखाद्या मुलाला "जा" किंवा "जाऊ नको" सांगणे माझ्या अधिकारातले नाही. अठरा वर्षांच्या मुलाला मताचा हक्क राज्यघटनेने दिला आहे, पक्ष निवडण्याचा हक्कही त्याचाच आहे. पण जिथे तो पाऊल टाकतो आहे ती जागा कशी असते, एवढे तरी आई-बापाला माहीत असावे. आजचा लेख त्यासाठी आहे.

शिडी खरी आहे, पण अरुंद आहे

युवक आघाडी म्हणजे पक्षाची शाळा. भारतीय जनता युवा मोर्चाचे उदाहरण घ्या. त्याची सुरुवात १९७८ सालची, म्हणजे खुद्द भाजपची स्थापना (१९८०) होण्याच्याही आधीची. साधारण पस्तीस वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी ही संघटना आहे. तिचे राष्ट्रीय अध्यक्ष राहिलेल्यांची नावे पाहा: प्रमोद महाजन, राजनाथ सिंह, जगत प्रकाश नड्डा, उमा भारती, शिवराजसिंह चौहान, धर्मेंद्र प्रधान, अनुराग ठाकूर. यांतले बहुतेक पुढे केंद्रात मंत्री झाले, काही मुख्यमंत्री झाले. यांतले महाजन तर आपल्या मराठवाड्याचे. आंबेजोगाईच्या शाळेत ते एकेकाळी शिक्षक होते. देवेंद्र फडणवीस यांनी १९८९ मध्ये नागपुरात युवा मोर्चाच्या वॉर्ड पातळीवर काम सुरू केले, १९९२ मध्ये ते नगरसेवक झाले, १९९७ मध्ये महापौर आणि २०१४ मध्ये मुख्यमंत्री.

म्हणून "पक्षात जाऊन काय मिळतं, नुसत्या सतरंज्या उचलाव्या लागतात" असे मुलाला म्हणू नका. त्याला ही नावे पाठ असतात. शिडी आहे, हे त्याला दिसते. आपण त्याला पुढचे दाखवले पाहिजे.

पहिली गोष्ट, शिडीच्या वरच्या पायरीवर बऱ्याचदा घरचेच माणूस आधीपासून बसलेले असते. महाजनांची कन्या पूनम महाजन २०१६ मध्ये त्याच युवा मोर्चाच्या राष्ट्रीय अध्यक्ष झाल्या. १७ ऑक्टोबर २०१० च्या दसरा मेळाव्यात शिवाजी पार्कवर शिवसेनेने युवासेना स्थापन केली, तेव्हा तिची सूत्रे वीस वर्षांच्या आदित्य ठाकरे यांच्याकडे आली. काँग्रेसमध्ये तर हे सांगायलाच नको. मामुली घरातला मुलगा वर जातच नाही असे नाही, पण एक वर जातो तेव्हा हजारो जण फ्लेक्स बांधत, मोटारसायकल रॅलीत पेट्रोल जाळत आणि वाढदिवसाचे केक कापत पस्तिशी गाठतात. पस्तिशी झाली की युवक आघाडीतले पद जाते. तेव्हा हातात काय उरते, याचा हिशेब विसाव्या वर्षीच मांडलेला बरा.

दुसरी गोष्ट खास आपल्या मुलांची. भाजपचे सात मोर्चे आहेत. युवा मोर्चा एक आणि अल्पसंख्याक मोर्चा वेगळा. इतर पक्षांतही अल्पसंख्याकांसाठी असाच वेगळा विभाग असतो. आपला मुलगा "युवक"मध्ये जायला निघतो आणि बऱ्याचदा त्याची नेमणूक "अल्पसंख्याक"मध्ये होते. तिथे ईदच्या शुभेच्छांचा फ्लेक्स लावायचा, निवडणुकीत मोहल्ल्यातली मते गोळा करायची आणि इफ्तारला साहेबांना आणायचे, एवढेच काम उरते. पाण्याच्या टाकीवर, बसस्थानकावर, उसाच्या भावावर बोलायची बैठक दुसरीकडे चाललेली असते.

आकडे पाहू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमान साडेअकरा टक्के होते. २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी दहा आमदार मुसलमान आहेत, म्हणजे साडेतीन टक्के. त्या निवडणुकीत भाजपने एकही मुस्लिम उमेदवार दिला नाही. पण त्याच वर्षीच्या लोकसभेला महाविकास आघाडीनेही राज्यातल्या ४८ पैकी एकाही जागी मुस्लिम उमेदवार दिला नव्हता, तेही लक्षात ठेवा. अपवाद असतात. युवा मोर्चात काम केलेले शाहनवाज हुसेन वाजपेयींच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. पण मुलाने अपवाद पाहून आयुष्य आखू नये, हे आपण त्याला परीक्षेच्या बाबतीत सांगतो, तसेच इथेही सांगावे.

तरीही मुलगा का जातो?

याचे उत्तर रागावून मिळत नाही. ज्या मुलाला तहसीलमध्ये कुणी खुर्ची देत नाही, ज्याच्या नावाची चौकशी करायला पोलिसांशिवाय कुणी येत नाही, त्याच्या हातात नियुक्तीपत्र येते. त्यावर त्याचे पूर्ण नाव छापलेले असते. चौकातल्या फ्लेक्सवर त्याचा फोटो असतो. नायब तहसीलदार त्याचा फोन उचलतात. आपल्या घरात, खरे सांगा, त्याचे पूर्ण नाव कौतुकाने शेवटचे कधी घेतले होते?

फायदाही होतो, हे नाकारू नये. अर्ज कसा लिहायचा, निराधार योजनेचे प्रकरण कुठे अडते, रेशनकार्डात नाव कसे घालायचे, चार माणसांपुढे कसे बोलायचे, हे अशा कामातून मुले शिकतात. मोहल्ल्याला असा एक मुलगा असला तर दहा विधवांची कामे होतात. राजकारणापासून सगळी कौमच लांब राहिली तर आपल्या गल्लीचा रस्ता कोण मागणार?

तेव्हा प्रश्न पक्षात जाण्याचा नाही. ही संघटना माझ्या मुलाचे काय करणार आहे, हा खरा प्रश्न आहे. तिला त्याचे डोके हवे आहे की फक्त त्याचा आवाज आणि मनगट? आणि काही विपरीत घडले तर त्याच्याजवळ कोण थांबणार आहे?

आपल्याच जिल्ह्यातला धडा

संघटना दुसऱ्यांची असली की हा प्रश्न आपल्याला लगेच सुचतो. आपल्या नावाची असली की सुचत नाही. म्हणून इथे मला आपल्याच मातीतले एक उदाहरण घ्यावे लागते. ते कडू आहे. पण सतरा सप्टेंबरला मराठवाड्यातल्या प्रत्येक शाळेत झेंडा चढतो, आपली मुले रांगेत उभी असतात, आणि घरी येऊन "अम्मी, रझाकार म्हणजे कोण?" असे विचारतात. त्यांना कुणीतरी नीट उत्तर द्यायला हवे.

रझाकार या शब्दाचा अर्थ साधा आहे. आपणहून सेवा करणारा, स्वयंसेवक. हैदराबाद संस्थानातल्या मजलिसे इत्तेहादुल मुस्लिमीन या पक्षाने १९३८ च्या सुमारास, बहादूर यार जंग यांच्या काळात, हे स्वयंसेवक दल उभे केले. १९४४ मध्ये बहादूर यार जंग वारले आणि १९४६ मध्ये पक्षाची सूत्रे कासिम रझवी यांच्याकडे आली. रझवी लातूरला वकिली करत. लातूर तेव्हा आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यात होते. म्हणजे ही गोष्ट कुठल्या लांबच्या मुलखातली नाही.

रझवींनी तरुणांना गणवेश दिला, कवायत दिली, घोषणा दिली आणि हत्यार दिले. बेकार, अर्धशिक्षित मुलाला एकाएकी वाटू लागले की सल्तनत त्याच्याच खांद्यावर उभी आहे. त्यानंतर जे झाले ते झाकण्यात अर्थ नाही. गावे लुटली, घरे जाळली, माणसे मारली गेली. हजारो हिंदू कुटुंबे सरहद्द ओलांडून सोलापूर, बार्शीकडच्या छावण्यांत गेली. जे मुसलमान याच्या विरोधात बोलले त्यांनाही सोडले नाही. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध आणि भारतात सामील होण्याच्या बाजूने लिहिले, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांची हत्या झाली. शोएबुल्ला खान हे नाव आपल्या किती मुलांना माहीत आहे?

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गला आली. तिथून उमरग्यावरून, आपल्या उंबरठ्याजवळून, ती हैदराबादकडे गेली. १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. आणि मग जे झाले ते आपल्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांनी दबक्या आवाजात सांगितलेले असते. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये गावोगाव फिरून अहवाल दिला. मारल्या गेलेल्यांचा आकडा त्यांनी सत्तावीस ते चाळीस हजारांच्या दरम्यान धरला. सर्वांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे त्यांनी नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. तो अहवाल कित्येक दशके बंद राहिला. मारले गेलेल्यांतले कितीतरी जण रझाकार नव्हतेच. ते विणकर होते, शेतमजूर होते, गावचे छोटे दुकानदार होते. मुसलमान असणे एवढाच त्यांचा संबंध.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे, तीही मुलांना सांगा. कित्येक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमानांना वाचवले. हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या बाजूने उभे राहिले आणि त्याची किंमतही त्यांनी मोजली. एका मागावर, एका बाजारात जन्म काढलेली माणसे अशा वेळी कामाला आली.

आणि कासिम रझवी? त्यांना अटक झाली, शिक्षा झाली, १९५७ मध्ये सुटका झाली आणि ते पाकिस्तानात गेले. १९७० मध्ये कराचीत वारले. आपल्या भागातल्या विधवांना कराचीचे तिकीट नव्हते. त्या इथेच राहिल्या, त्याच गावात, त्याच शेजाऱ्यांमध्ये, आणि मजुरी करून त्यांनी मुले वाढवली. भाषण एकाने केले आणि त्याचे व्याज दुसऱ्यांच्या नातवंडांनीही फेडले. आजही एखाद्या मुलाला भांडणात "रझाकार" म्हणून हिणवले जाते, तेव्हा तो त्याच कर्जाचा हप्ता असतो.

एक स्पष्ट करते. आजच्या कुठल्याही पक्षाच्या युवक आघाडीला मी रझाकार म्हणत नाही. हत्यारबंद दल वेगळे आणि निवडणूक लढवणाऱ्या पक्षाची आघाडी वेगळी. पण मापायचा तराजू दोन्हींना एकच लागतो, आणि तो हिरव्या, भगव्या, तिरंगी, निळ्या सगळ्याच गमछ्यांना लावायचा असतो. संघटनेने तरुणाला विचार करायला शिकवले की फक्त हुकूम पाळायला? आणि संकट आले तेव्हा नेता कुठे होता?

त्या काळातच आपल्या भागात तरुण घडवण्याचा दुसराही एक मार्ग होता. हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा होती. स्वामी रामानंद तीर्थ तिथे शिक्षक होते. पुढे हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. म्हणजे राजकारण तिकडेही होते, जोश तिकडेही होता, पण सुरुवात पुस्तकातून झाली होती. शिक्षिका म्हणून मला हा फरक फार मोठा वाटतो.

मुलाला विचारायचे पाच प्रश्न

भांडण न करता, जेवण झाल्यावर, बापाने आणि आईने मिळून विचारावेत.

एक, "या महिन्यात तुमच्या आघाडीने काय काम केलं?" उत्तरात रक्तदान शिबिर, शिष्यवृत्तीचे अर्ज, नळाचा प्रश्न, एसटीच्या फेरीचे निवेदन असे काही आले तर ठीक. नुसते वाढदिवस, स्वागत आणि रॅली आली तर त्यालाच मोजू द्या.

दोन, "बैठकीत तुला 'हे बरोबर नाही' असं म्हणता येतं का?" हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. भाजपमध्ये जाणाऱ्या मुलाला विचारा की पक्षाच्या एखाद्या वक्त्याने आपल्या लोकांविषयी वाईट बोलले तर तू तालुकाध्यक्षाला जाऊन सांगू शकशील का? आणि आपल्या नावाच्या पक्षात जाणाऱ्या मुलालाही तितक्याच गंभीरपणे विचारा की आपल्या वक्त्याने दुसऱ्यांच्या देवाधर्माविषयी वाईट बोलले तर तू टाळ्या वाजवणार की उठून येणार? भाऊ जुलूम करत असेल तर त्याचा हात धरणे हीच त्याची मदत, ही शिकवण आपण जुम्म्याच्या बयानात लहानपणापासून ऐकली आहे. ती फक्त दुसऱ्यांच्या भावासाठी नाही.

तीन, "तुझी खुर्ची कुठे आहे?" मुख्य युवक कार्यकारिणीत की फक्त अल्पसंख्याक विभागात? निर्णय होतात त्या बैठकीचा निरोप तुला येतो का, की फक्त गर्दी जमवायची असते तेव्हा येतो?

चार, "गुन्हा दाखल झाला तर पोलीस ठाण्यात कोण येईल?" याविषयी थोडे सविस्तर पुढे सांगते.

पाच, "पेट्रोल कुणाचं आणि अभ्यासाचे तास कुणाचे?" आठवड्यातून किती दिवस जातात, किती पैसे जातात, परवा परीक्षा असताना सभा आली तर काय करणार, हे आधी ठरवून घ्या. पदवी अर्धवट सोडून मिळालेले पद हा तोट्याचा सौदा आहे.

जमावाचा कायदा

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. आंदोलनात, मिरवणुकीत लागणारी कलमे मुलांना माहीत असायला हवीत. कलम १८९ बेकायदा जमावाचे. कलम १९१ दंगलीचे. दोन समाजांत शत्रुत्व वाढवणाऱ्या मजकुरासाठी कलम १९६, आणि त्यात मोबाईलवरचे स्टेटसही येते. पण आई-बापाने सर्वांत आधी समजून घ्यावे असे कलम १९० आहे. बेकायदा जमावातल्या एकाने जमावाच्या समान उद्देशासाठी गुन्हा केला, तर त्या वेळी त्या जमावात असलेला प्रत्येक जण त्या गुन्ह्याचा दोषी ठरू शकतो. दगड कुणी मारला हा एकच प्रश्न नसतो. तू तिथे का होतास, हाही असतो. आणि हल्ली प्रत्येक चौकात कॅमेरा आहे.

अठराच्या आतल्या मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. अठरा पूर्ण झालेल्याचे सरळ कोर्टात. खटला वर्षानुवर्षे चालतो. मधल्या काळात पोलीस भरती असो, पासपोर्ट असो की आखातातली नोकरी, चारित्र्य पडताळणीत तो गुन्हा पुढे येतो. राजकीय आंदोलनातले खटले सरकार वेळोवेळी मागे घेते हे खरे, पण त्यालाही अटी असतात, आणि तोपर्यंत भरतीचे वय निघून गेलेले असते.

नेत्यावर दहा गुन्हे असले तर ते त्याच्या भाषणात शोभून दिसतात. आपल्या मुलावरचा एकच गुन्हा त्याची भाकरी घेऊन जातो. म्हणून चौथा प्रश्न विचारायचा. ज्या मोर्चाला परवानगी नाही, तोंड झाकून यायला सांगितले आहे, किंवा मार्ग मुद्दाम दुसऱ्यांच्या प्रार्थनास्थळावरून काढला आहे, तिथून मुलाने घरी परत यावे. तो मोर्चा कुणाचा आहे, याने काही फरक पडत नाही.

आई-बापाने काय करावे?

सर्वप्रथम, बंदी घालू नये. बंदी घातलेला मुलगा चोरून जातो, आणि चोरून जाणाऱ्याला अडचणीत घरी फोन करायची हिंमत राहत नाही. "कुठेही गेलास तरी रात्री मला खरं सांग" एवढा करार पुरेसा आहे.

दुसरे, शेजाऱ्यांनी नावे ठेवू नयेत. एखादा मुलगा भाजपमध्ये गेला की मोहल्ल्यात त्याच्या दीन-ईमानावर बोट ठेवले जाते. मत आणि पक्ष यांवरून कुणाचे ईमान मोजू नये, तो हिशेब अल्लाहकडे आहे. आणि अशा मुलाला आपण तोडले तर त्याने बैठकीत आपला प्रश्न मांडावा ही अपेक्षाही करता येणार नाही. तसेच त्याच्या वर्गमित्रांनी त्याला फक्त "आमचा मुस्लिम कार्यकर्ता" म्हणून फोटोपुरते वापरू नये, हेही त्याने हसतमुखाने पण ठामपणे सांगायला शिकावे.

तिसरे, त्याला कायदेशीर वयांचा तक्ता द्या. अठराव्या वर्षी मत. एकविसाव्या वर्षी नगरपरिषदेची निवडणूक लढवता येते. पंचविसाव्या वर्षी विधानसभा आणि लोकसभा. आपल्या जिल्ह्यात मुरुमसह आठ नगरपरिषदा आहेत. म्हणजे एकवीस वर्षांचा मुलगा दुसऱ्याचा फ्लेक्स बांधण्याऐवजी आपल्या प्रभागाचा अभ्यास करून स्वतः उभा राहू शकतो. प्रभागात घरे किती, नळ किती, अंगणवाडी कुठे, गटार कुठे तुंबते, हे वहीत लिहून काढायला त्याला सांगा. ज्याच्याकडे अशी वही आहे त्याला कुठलाही पक्ष मानाने बोलावतो, आणि पक्षाने सोडले तरी ती वही त्याच्याचकडे राहते.

चौथे, मुलींना विसरू नका. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. तरी युवक आघाडीची चर्चा घरात फक्त मुलाविषयी होते. मग निवडणूक आली की नाव बहिणीचे किंवा बायकोचे आणि कारभार भावाचा. आपल्या मुली बी.ए., बी.एस्सी., डी.एड. होत आहेत. अर्ज लिहिणे, नियम वाचणे, न घाबरता विचारणे हे त्यांना भावांपेक्षा चांगले जमते, हे मी रोज वर्गात पाहते.

आणि पाचवे, सार्वजनिक कामाची सुरुवात पक्षातूनच झाली पाहिजे असे नाही. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. पण बैठकीला चार डोकी जमवताना आम्हा शिक्षकांची दमछाक होते. ज्या आई-बापाला वाटते की मुलाने भडक भाषणांमागे जाऊ नये, त्यांनी आधी या बैठकीला यावे. शांतपणे प्रश्न विचारणारे, कागदावर सही करण्याआधी तो वाचणारे आई-बाप ज्याने घरात पाहिले, त्याला चौकातला वक्ता सहज फसवू शकत नाही.

मुलगा कुठला गमछा घालतो हे शेवटी तोच ठरवणार आहे. तो काढून ठेवता येतो, हे मात्र त्याला आपण शिकवलेले असावे. जिथे अन्याय दिसेल तिथे "हे मला मान्य नाही" म्हणून तो खाली ठेवून घरी यायची ताकद ज्याच्यात आहे, त्याला कुठल्याही पक्षात पाठवायला भीती नाही. ती ताकद कुठल्याही आघाडीच्या शिबिरात मिळत नाही. ती घरातच द्यावी लागते, विसाव्या वर्षाच्या बरीच आधी.

अल्लाह आपल्या मुलांना जोशाबरोबर होशही देवो, आमीन.